मामांना उन्हात बसवताना

"आजोबांचं ड जीवनसत्त्व फारच कमी आहे," असं सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा आमच्या आत्यांनी आधी त्यांच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. माझ्याकडं बघायचं कारण उघड होतं. घरात काहीही कमी पडलं की त्या पहिल्यांदा माझ्याकडंच बघतात, मग ते मीठ असो की जीवनसत्त्व.

"ते कशात असतंय?" आत्यांनी विचारलं.

"उन्हात. अंगावर ऊन पडलं की आपली कातडीच ते तयार करते."

दवाखान्याच्या बोळात एसी इतका गार होता की त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला होता. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुमी मूळच्या कुठल्या?"

"कोकणातली."

"तरीच," आत्या म्हणाल्या. "आमच्याकडं या येकदा उन्हाळ्यात. जाताना पोतं भरून ऊन देते."

नाती सांगून टाकते. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. सोलापूरच्या वाटेवरच्या तामलवाडीपासून जवळच आमचं गाव. गावाबाहेर द्राक्षाची बाग, थोडं सोयाबीन, दोन म्हशी आणि स्लॅबचं घर. नवरा शेती बघतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आणि ज्यांच्या उन्हाची ही चौकशी चालली होती ते आमचे मामा त्या घडीला काचेच्या दारापलीकडं, आयसीयूत, नाकातोंडावर मास्क लावून पडले होते. छातीत न्युमोनिया झाला होता, तिथून जंतू रक्तात शिरले होते आणि ब्लडप्रेशर औषधाच्या जोरावर कसंबसं टिकून होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की वय बघता काहीही होऊ शकतं. मामा जगतात की नाही, याची आम्हा तिघांना धास्ती होती आणि आत्या उन्हावरून भांडत होत्या. भीती वाटली की त्या भांडतात. मी त्यांना आता पुरतं ओळखते.

आजार इतका वाढेपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही, असं पाहुण्यारावळ्यांनी पुढं खूप दिवस विचारलं. उत्तर ऐकून लोक हसतात, म्हणून मी ते टाळायचे. मामांना खोकला झालाय हे आमच्या लक्षात आलं नाही, कारण मामा एरवीही खोकतच असतात.

ही जुनी रीत आहे. घरात शिरण्याआधी सासऱ्यानं दाराशी खाकरायचं, म्हणजे आत सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा. गावात बाकीच्यांनी ती कधीच सोडून दिली. मामांनी मात्र इतक्या नेमानं पाळली, की आमच्या नव्या घराला बेल बसवायची गरज पडली नाही. शाळेत मी हातात खडू घेऊन दिवसभर मोकळ्या डोक्यानं फिरायचे. घरी आले, मामा खाकरले, की पदर डोक्यावर. शाळेतल्या बायका हसायच्या. मीही हसायचे, पण पदर घ्यायचे.

शिवाय मामा माझ्याशी थेट बोलत नसत. त्यात राग नव्हता, मान होता. मी पुढ्यात उभी असले तरी ते आत्यांना सांगायचे, "तिला म्हणावं, च्या टाक." मी आत्यांना सांगायचे, "मामांना म्हणावं, कधीच टाकलाय." आत्या मधे बसून शेंगा फोडत राहायच्या. इकडचं तिकडं काही सांगायच्या नाहीत, कारण ज्याला त्याला ऐकू आलेलंच असायचं. आणि मामा डोक्याचा पटका माझ्यासमोर कधी काढत नसत. सुनेपुढं उघड्या डोक्यानं जाणं म्हणजे त्यांच्या लेखी धोतर विसरून बाजाराला जाणं. एवढी वर्षं एका घरात काढली, पण मामांना टक्कल आहे की केस आहेत हे मला सांगता आलं नसतं.

तर त्या भाद्रपदात मामा ओसरीत खोकले. मी पदर घेतला. ते आत आले नाहीत. पुन्हा खोकले, मी पुन्हा पदर सारखा केला. दिवसभर हेच. तीन-चार दिवसांनी मला राग आला. भाकरी थापता थापता पिठाचा हात डोक्याकडं नेऊन केस सगळे पांढुरके झाले होते. "आत्या, मामांना म्हणावं, यायचं तर या, न्हाय तर बाहेर बसा. माझा हात भरून आला," मी म्हणाले.

"म्हातारं माणूस," आत्या म्हणाल्या. "दारापत्तुर आल्यावर इसरत असंल, कशाला आलो ते."

आम्ही दोघी खूप हसलो. मामा ओसरीत खोकत राहिले.

मग एका सकाळी ते खाकरलेच नाहीत. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं तरी उठले नाहीत. आत्या हाका मारून थकल्या, तशी मी दाराशी गेले. मामांचं अंग तव्यासारखं तापलं होतं, श्वास भराभर चालला होता आणि ते एका बैलाला हाका मारत होते, जो आम्ही केव्हाचाच विकून टाकला होता. नवऱ्याला बागेतून बोलावलं आणि आहे त्या कपड्यांत मामांना गाडीत घालून सोलापूर गाठलं.

आयसीयूत एका वेळी एकालाच सोडायचे. आत्या आत जाऊन आल्या त्या भिंतीला धरून खालीच बसल्या. नवऱ्याला वडिलांच्या अंगातल्या नळ्या बघवेनात. "तू जा," तो म्हणाला, "तू मास्तरीण हायेस, तुला त्यांचं विंग्रजी कळतंय." असा तो मान माझ्याकडं आला. आत गेले तर पलंगावर एक लहानखुरा म्हातारा उताणा पडलेला. मी पुढच्या पलंगाकडं निघालेच होते. मग कपाळावरची पटक्याची पुसट रेघ दिसली आणि कळलं की हेच मामा. डोक्यावर पांढरे विरळ केस होते, जावळासारखे मऊ. माझी नजर आपोआप खाली गेली. बघू नये असं काहीतरी आपण बघतोय, असं वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटायला तिथं जागा फार कमी होती.

दोन दिवसांनी मामांनी डोळे उघडले. समोर मी. त्यांचा हात हळूहळू उचलला गेला आणि डोक्याकडं गेला.

"डोकं दुखतंय का आजोबा?" सिस्टरनी विचारलं.

मामांनी मान हलवली. नाही. हात पुन्हा डोक्याकडं. सिस्टरनी डोकेदुखीची नोंद केली आणि डॉक्टरांना सांगते म्हणाल्या. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी माझा हातरुमाल काढला, मोकळा करून मामांच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतःचा पदर वर घेतला. मामांनी डोळे मिटले. श्वाससुद्धा जरा संथ झाल्यासारखा मला वाटला, पण मशीनवरचे आकडे तेच होते. सिस्टरनी मास्कचा पट्टा बसेना म्हणून रुमाल काढला. त्यांची पाठ वळल्यावर मी परत ठेवला.

जराशानं मास्कच्या आतून मामा सिस्टरना म्हणाले, "तिला म्हणावं, घरी जा. म्हशी हायेत."

"कुणाला म्हणू?" सिस्टर म्हणाल्या. "त्या तर तुमच्या समोरच उभ्या आहेत."

"सिस्टर," मी म्हणाले, "मामांना म्हणावं, म्हशींचं शेजारी बघतायत. काळजी करू नका."

सिस्टरनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. भ्रम झालेला पेशंट एकच आहे ना, याची त्या खात्री करून घेत असाव्यात.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोळात गाठून ते ड जीवनसत्त्वाचं सांगितलं. आत्यांचं भांडून झाल्यावर नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे डॉक्टर, आम्ही त्यांना उन्हात बसवलं असतं, तर हे झालंच नसतं?" त्याचा चेहरा बघवत नव्हता. दिवसभर तो मोबाइलवर न्युमोनिया कशानं होतो तेच वाचत बसला होता आणि मोबाइलनं त्याला दोषी ठरवून टाकलं होतं.

"असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांचं फार कमी असतं, त्यांना असा आजार बहुतेक वेळा जड जातो, हे खरं. पण कमी होतं म्हणून आजार जड झाला, की आजारानंच ते आणखी खाली ओढलं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आपण ते भरून काढू. पण आत्ता त्यांना जगवायचं काम अँटिबायोटिकचं आणि ऑक्सिजनचं आहे. तुम्ही स्वतःला बोल लावू नका."

मला त्या बाई तिथंच आवडल्या. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा डॉक्टर आणि मास्तर, दोन्ही विरळा. पण मास्तरीण म्हणून माझंही काही कर्तव्य होतं. मी म्हणाले, "कोवळ्या उन्हातून मिळतं ना ते?"

त्या हसल्या. "कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात ते फारसं तयार होत नाही. ऊन चांगलं वर आल्यावर बसायचं. थोडाच वेळ, पण पाठ, हात, डोकं उघडं हवं."

मी कोवळं ऊन फळ्यावर किती वर्षं लिहिलंय याला सुमार नाही. माझ्या हाताखालून गेलेलं निम्मं गाव पहाटे अंगणात उभं राहून थंडीनं कुडकुडतंय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

खरं सांगायचं तर मामांच्या अंगाला ऊन लागावं कधी? ऊन पिकासाठी असतं, माणसासाठी नाही, हे त्यांचं पक्कं मत. कामाच्या वयातसुद्धा ते तांबडं फुटायच्या आधी शेतात जायचे आणि ऊन चढलं की लिंबाखाली यायचे ते दिवस कलल्यावरच उठायचे. "भर उन्हात गाढव हिंडतंय, न्हाय तर मोजणीवाला," असं ते म्हणायचे. लांब बाह्यांचा सदरा, पायघोळ धोतर, डोक्याला पटका, वर उपरणं. गुडघे गेल्यापासून तर ओसरीतला पलंग आणि ते. आम्ही द्राक्षाच्या घडांनासुद्धा कागद गुंडाळतो, रंग बिघडू नये म्हणून. मामा हा घरातला सगळ्यात जुना घड, आणि त्यांनी आपला कागद आपणच गुंडाळून घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांचंही रक्त तपासायला लावलं. आत्यांचं थोडंच कमी निघालं. शेण्या थापायला, शेवया वाळवायला त्या दिवसभर अंगणात असतात, उघडे दंड आणि उघडी पाठ घेऊन. त्यांनी ही बातमी सोलापुरातून फोन करून सगळ्या नात्यात कळवली. नवऱ्याचं बरंच कमी निघालं. आणि घरात पहिला नंबर माझा आला, खालून. मामांपेक्षाही खाली. मला नवल वाटायचं कारण नव्हतं. स्कूटीवर मी तोंडाला स्कार्फ, अंगात कोट, हातात मोजे घालून जाते, डोळे तेवढे उघडे. एकदा वाटेत माझ्याच वर्गातल्या पोरांनी मला ओळखलं नव्हतं. शाळेत वर्ग, घरी स्वयंपाकघर आणि वर पदर. पण त्या दिवसांत माझ्या नंबराचं कौतुक करायला कुणाला वेळ नव्हता, मलाही नाही.

मामा वाचले. मास्क निघाला, औषधाचा पंप निघाला आणि दसऱ्याच्या सुमाराला त्यांना घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "आजोबा वाचले, पण अंगात काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "थंडीत छातीला पुन्हा असं झालं, तर दुसऱ्या वेळी मला जमेलच असं नाही. थंडी पडायच्या आत त्यांना उठवा, चालवा, चारीठाव खाऊ घाला. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी चुकवू नका. आणि उन्हात बसवा."

बाकी सगळं जमलं. पुडी दर मंगळवारी दुधातून द्यायची ठरली. आत्या ती आधी येडेश्वरीच्या फोटोपुढं ठेवायच्या आणि मग मामांना पाजायच्या. मामा आपल्या पायांनी चालायला लागले की येरमाळ्याला देवीला नारळ वाहीन, असं त्या बोलल्या होत्या, त्यामुळं पुडी आणि देवी दोघींनी मिळून काम करावं असा त्यांचा हिशेब होता. मामा पुडी मुकाट्यानं घ्यायचे. गोड लागते म्हणायचे. अडलं ते उन्हापाशी.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं बाज अंगणात टाकली. मी दुपारी शाळेतून आले तर बाजेवर एक गाठोडं. आजारातून उठलेल्या माणसाला वारं लागू द्यायचं नाही, हे आमच्याकडचं आणखी एक पक्कं मत. आत्यांनी मामांना स्वेटर चढवला होता, पायात मोजे, पटक्यावरून कानांना मफलर आणि वर गोधडी. ऊन लागत होतं ते फक्त नाकाला.

"आत्या," मी म्हणाले, "हे ऊन गोधडीला चाललंय."

"आतपत्तुर जातंय की," आत्या म्हणाल्या. "हात लावून बघ, कशी कढत झालीया."

त्यांना पटवायला आठवडा गेला. कढत गोधडीत जीवनसत्त्व तयार होत नाही, हे मी आकृती काढून सांगितलं. शेवटी गोधडी गेली, स्वेटर गेला. आता मामांनी पाठ आणि डोकं उघडं करायचं तेवढं राहिलं, आणि तिथं आमचं घोडं पेंड खायला लागलं. कारण अंगणात मी होते.

दिवाळीची सुट्टी लागली होती. नळ अंगणात, धुण्याचा दगड अंगणात, वाळत घालायची तार अंगणात. मी बादली घेऊन बाहेर आले की मामा घाईघाईनं उपरणं पाठीवर ओढायचे, पटका चाचपायचे, आणि त्या घाईनंच त्यांना धाप लागायची. मग मी दाराआड थांबायला लागले. मामा आत यायचे झाले की आधीसारखे खाकरायचे. पण आता घरातल्या खोकल्याचा अर्थच बदलला होता. ते खाकरले की नवरा थर्मामीटर घेऊन धावायचा, आत्या वाफारा मांडायच्या आणि मी बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र शोधायचे. एकदा तर मामा नुसते न्हाणीकडं निघाले होते आणि आम्ही त्यांना उचलून पलंगावर निजवलं. या छळाला कंटाळून त्यांनी खाकरणंच बंद केलं. आणि न खाकरता सुनेपुढं जायचं कसं, म्हणून बाहेर येणंही बंद केलं.

"तिला म्हणावं," ते आत्यांना म्हणाले, "म्या घरातच बरा हाय."

मी माहेरी जाऊन राहते म्हणाले. आत्या म्हणाल्या, "मग भाकरी कोन करंल, आन् त्यांचं औषध कोन वाचंल?" तेही खरं होतं. मामा पुन्हा ओसरीत, भिंतीकडं तोंड करून. जेवण दोन घासांवर आलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायला लागला. आत्या चुलीपुढं बसून डोळे पुसायच्या आणि धूर लागला म्हणायच्या. आमच्याकडं गॅस येऊन कैक वर्षं झाली, चूल फक्त पाणी तापवायला, आणि त्या वेळी ती पेटलेलीही नसायची.

पुढचं आधीच सांगते. त्या थंडीत मामांना पुन्हा सोलापूरला न्यावं लागलं नाही. ते उन्हानं झालं, पुडीनं, ज्वारीच्या भाकरीनं की येडेश्वरीनं, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. आत्यांना मात्र सांगता येतं आणि त्या येईल त्याला सांगतात. मला एवढंच सांगता येतं की मामा उन्हात बसले कसे.

थंडीची पहिली चुणूक लागली होती. सकाळी मी भाकरी थापत होते आणि ओसरीतून खोकला आला. माझा हात सवयीनं पदराकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. हा खोकला दारातला, की छातीतला? मला कळेना. मागच्या वेळीही असाच हात वर गेला होता. मला एकदम राग आला. राग मामांचा आला, माझा आला, कुणी घालून दिली त्या रीतीचा आला. मी तवा उतरवला. बाहेर जाऊन थर्मामीटर लावलं. ताप नव्हता. मग मी ऊन वर यायची वाट बघितली.

माझ्या सांगण्यावरून नवऱ्यानं मामांना उचलून अंगणात बाजेवर आणून बसवलं आणि तो बागेत गेला. आत्या शेजारी गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि बाजेसमोर टाकून बसले. मामांनी उपरणं ओढून घेतलं.

"आत्या, मामांना म्हणावं..." मी सुरुवात केली आणि गप्प झाले. सांगायला कुणी नव्हतंच.

मामाही भिंतीकडं बघून म्हणाले, "तिला म्हणावं, आत जा."

"मामा, हितं कुणी न्हाय," मी म्हणाले. "काय असंल ते मलाच म्हणा."

मामांनी तोंड आणखीच भिंतीकडं वळवलं. मला वाईट वाटलं, पण आता उठले तर पुन्हा बसणं होणार नाही, हेही कळत होतं.

"माजंबी कमी हाय, मामा," मी म्हणाले. "तुमच्यापरीस कमी. डागदरीणबाईनं सांगितलंय. तुमी पटका काढा, म्या पदर काढते. न्हाय तर बसू दोघंबी असंच झाकून, आन् येणाऱ्या थंडीत दोघांलाबी गाडीत घालून नेऊ दे सोलापूरला."

आणि मी पदर खाली घेतला. शाळेत दिवसभर मी तशीच असते. बाजारात, बसस्टँडवर, लग्नातसुद्धा. पण त्या अंगणात माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. भांगात ऊन चरचरत होतं. मी नजर जमिनीकडं लावून बसले. मग कापडाची सळसळ ऐकू आली. मामांनी दोन्ही हातांनी पटका उचलून मांडीवर ठेवला होता. मग उपरणं सोडलं, गुंड्या सोडून सदरा उतरवला. बोटं वळत नव्हती, पण मी मदतीला उठले नाही. उघड्या अंगाची हाडं मोजता आली असती. त्यावर ऊन पडलं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं तर मामा माझ्याकडंच बघत होते. आयसीयूत बघितलं होतं तसं नाही, नीट, अक्षर लावून वाचावं तसं. मला वाटलं आता रागवतील.

"तुजं केस पांढरं झालं की गं," ते म्हणाले. मला, थेट. "आली तवा लेकरू हुतीस. कवा झालं हे?"

"तुमच्याच घरात झालं, मामा," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. मग अंगणाच्या कडेच्या लिंबाकडं बघितलं, माझ्या खांद्याकडं बघितलं आणि बाजेच्या कडेला हात ठेवून सांगितलं, "हिकडं सरक. तुज्या अंगावर सावली पडतीया."